‘नावे’ कुणाच्या आणि ‘जमा’ कुणाकडे?

राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळातील वाणिज्य विषयांच्या अभ्यासगटास,



मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते. यंदा तेविसावं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातली पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलत आहेत. वाणिज्याच्या पुस्तकांच्या कामालाही आपण आज ना उद्या बसालच. तेव्हा आपल्या समोर असावं म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट. रोजकीर्दीचे नियम शिकवून झाले होते. लाभ घेणाऱ्याचं खातं नावे, लाभ देणाऱ्याचं खातं जमा. फळ्यावर उदाहरण लिहिलं, बँकेत ५०० रुपये भरले, म्हणून बँक खाते नावे आणि रोख खाते जमा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, पैसे भरले की बँकेचं खातं नावे करा म्हणता. मग मोबाइलवर ‘तुमच्या खात्यात ५०० जमा झाले’ असा मेसेज कसा येतो? बँक चुकते का आपण?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला अनेकदा यायला हवा होता. तो फारसा आला नाही, कारण मुलं नियम पाठ करून टाकतात आणि मोबाइलवरचा मेसेज वर्गाच्या दाराबाहेर ठेवून येतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नाही. मला या पत्रात जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचाच विस्तार.

तिला दुसऱ्या दिवशी घरून पासबुक आणायला सांगितलं. आईचं पासबुक आलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत घातलेलं. फळ्यावर दोन वह्या काढल्या. डावीकडे तिच्या आईची, उजवीकडे बँकेची. आईच्या वहीत बँकेनं ५०० घेतले, म्हणून बँक नावे, बँकेकडून येणं. बँकेच्या वहीत आईनं ५०० दिले, म्हणून आई जमा. बँक तिचं देणं लागते. पासबुक म्हणजे बँकेच्या खतावणीत तुमच्या नावाचं जे पान आहे, त्याची नक्कल. मेसेजही त्याच पानावरून येतो. चूक कुणाचीच नाही, वह्या दोन आहेत.

वर्ग जरा वेळ गप्प होता. मग तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे मॅडम, आई बँकेची सावकार झाली?”

झाली. आपल्या पुस्तकात याला धनको म्हणतात. तो शब्द ऋणकोच्या जोडीनं येतो आणि परीक्षेत दर वर्षी निम्मी मुलं दोघांची अदलाबदल करून ठेवतात. त्या वर्गात मात्र ती पुन्हा झाली नाही. ज्या घरात सावकार हा शब्द कायम दाराशी आलेल्या माणसासाठी वापरला गेला, तिथं आपली आईही कुणाची तरी सावकार असते, हे त्या मुलीनं स्वतः शोधून काढलं होतं.

सावकार म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला. कूळ बुडालं तर? सावकाराला हा प्रश्न पडतोच. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा आणि पत हमी महामंडळाचं संरक्षण असतं. हे महामंडळ म्हणजे रिझर्व्ह बँकेचीच उपकंपनी. ४ फेब्रुवारी २०२० पासून या संरक्षणाची मर्यादा ५ लाख रुपये आहे, आधी ती १ लाख होती. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा धरून एका ठेवीदाराला ५ लाख. नागरी सहकारी बँका यात येतात. पतसंस्था येत नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, किती जणांच्या घरची ठेव पतसंस्थेत आहे? निम्म्याहून जास्त हात वर आले. तिथल्या ठेवीला हा विमा नसतो हे किती जणांना माहीत होतं? एकही हात नाही. मुलांचा दोष नाही यात. बाजारपेठेत दोन्हींच्या पाट्या शेजारी शेजारी, काउंटर सारखा, पासबुकाची छपाईसुद्धा सारखी. अडीनडीला पतसंस्थाच धावून येते, आमच्या भागातले कित्येक धंदे तिच्याच कर्जावर उभे राहिले, हेही खरं. पण काही वर्षांपूर्वी आमच्याच पंचक्रोशीतली एक पतसंस्था बंद पडली, आणि माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीनं पाटल्या मोडून ठेवलेली रक्कम अजून अडकलेली आहे. तो मुलगा बारावीला ‘ठेव’ची व्याख्या अचूक लिहून आला होता. त्याला पूर्ण गुण मिळाले.

व्याख्या आपल्या पुस्तकांत आहेत आणि त्या बरोबर आहेत, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्यांच्या जागेबद्दल. हे शब्द ज्या कागदांवर मुलांच्या घरात येतात, ते कागद वर्गात कुठंच नसतात.

नफ्याचंच घ्या. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं वाडीत किराणा दुकान आहे. तो म्हणायचा, “मॅडम, आमच्या दुकानात नफा होत नाही.” त्याला वही आणायला सांगितली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, कडेला हळदीचं बोट लागलेली उधारीची वही. मुलांनी मिळून एका महिन्याचा हिशेब मांडला. दुकानातला माल महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी सारखाच धरला. विक्री १,८०,०००. विकलेल्या मालाची खरेदी १,५८,०००. भाडं, लाइट, हमाली मिळून ६,०००. म्हणजे नफा १६,०००. मुलगा चकित झाला. “मग पैसे गेले कुठं?”

मग दुसरा हिशेब मांडला, नुसत्या गल्ल्याचा. विक्रीपैकी ६२,००० उधारीवर गेलेली, म्हणून रोख आली १,१८,०००. जुनी उधारी वसूल झाली २०,०००. एकूण आवक १,३८,०००. घाऊक व्यापाऱ्याला दिले १,४०,०००, त्याचे १८,००० राहिले. वर ६,००० खर्च. जावक १,४६,०००. गल्ला ८,००० नी खाली. नफा १६ हजारांचा आणि गल्ल्यात ८ हजारांची खोट, एकाच दुकानात, एकाच महिन्यात. दोन्ही आकडे खरे. मधले २४ हजार वाडीतल्या घराघरांत येणं म्हणून बसलेले आहेत, घाऊक व्यापाऱ्याचं देणं वजा जाता. आषाढात लोकांकडे पैसा नसतो. उसाचं बिल येईल तेव्हा ती उधारी फिटेल. तोपर्यंत दुकान चालवायला जो पैसा लागतो, त्याला खेळतं भांडवल म्हणतात. हा शब्द मी त्या दिवशी सगळ्यात शेवटी सांगितला. ‘खेळतं’ का, हे विचारायची वेळ कुणावर आली नाही.

अजून एक गोष्ट त्या वहीत नव्हतीच. घरात लागणारं तेल, साबण, साखर दुकानातूनच जायची आणि ती कुठंही लिहिलेली नव्हती. “आपलंच दुकान आहे की मॅडम.” हीच उचल. मालक आणि व्यवसाय वेगळे धरायचे, हे तत्त्व मुलं पहिल्याच प्रकरणात पाठ करतात. त्या मुलानं त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर ‘घर’ असं खातं उघडलं. महिनाभरानं वडिलांनी त्याला विचारलं म्हणे, हे ३,४०० कसले? त्या घरात हिशेबावर पहिल्यांदा बोलणं झालं ते तेव्हा.

खेळत्या भांडवलाचं मोठं उदाहरण तर आमच्याच जिल्ह्यातलं आहे. मिरजेहून पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं, माझी निम्मी मुलं त्यावरून कधी ना कधी गेलेली असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथं कारखाना वसवला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केले तेव्हा ते बराच काळ पडून राहिले, कारण लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ताळेबंदात हे नांगर मालमत्तेच्या बाजूला दिसतील. पण शनिवारी कामगाराच्या हातावर पगार म्हणून नांगर ठेवता येत नाही. शिल्लक माल आणि रोकड यांतला फरक मुलांना याहून चांगला कशानं समजेल, मला ठाऊक नाही. तसंच लिज्जतचं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते ८० रुपये भांडवल का कर्ज? मुलं हटकून भांडवल म्हणतात. उसने आणले, परत करायचे आहेत, म्हणजे देणं. एका मिनिटात संपणारा प्रश्न आहे, पण त्यावर वर्ग तासभर भांडतो.

घसारा, ख्याती, तेरीज यांच्याविषयी मी इथं लिहीत बसत नाही. ते शिकवताना मला कधी अडचण आली नाही. अडचण व्याजाची आहे, आणि तिथं मला स्वतःविषयी सांगावं लागेल.

२०१२ साली पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलायचे होते. मी एका खासगी वित्तसंस्थेकडून ६०,००० रुपये घेतले. दोन वर्षं, १२ टक्के. समोरच्या मुलानं कागदावर पटकन मांडून दाखवलं. वर्षाला व्याज ७,२००, दोन वर्षांचं १४,४००, एकूण ७४,४००, भागिले २४, हप्ता ३,१००. एवढा सरळ हिशेब. मी एम.कॉम. झालेली, त्या वेळी दहा वर्षं शिकवत असलेली बाई, मी सही केली.

घरी येऊन रात्री वही काढली तेव्हा पोटात गोळा आला. मी दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार होते. बाराव्या महिन्याअखेर निम्मं मुद्दल त्यांच्याकडे परत गेलेलं असणार. तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६०,००० वर लावलेलं. याला सरळ दर म्हणतात, फ्लॅट रेट. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर धरले असते तर हप्ता साधारण २,८२४ आला असता आणि दोन वर्षांचं व्याज ७,८०० च्या आत राहिलं असतं. मी जवळजवळ दुप्पट देत होते. माझ्या कर्जाचा खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्के होता. समोरचा मुलगा खोटं काही बोलला नव्हता. त्यानं १२ म्हटलं, मी १२ ऐकलं, आणि ‘कशावर?’ हा एक शब्द विचारायचा राहिला.

आज परिस्थिती थोडी बरी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ कर्ज देताना ग्राहकाच्या हाती मुख्य माहितीचं पत्रक द्यावं लागतं. त्यावर सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो. छापलेला असतो, पण तो आकडा म्हणजे काय, हे मुलांना कुणी शिकवलेलं नाही. मी आता दर वर्षी माझा २०१२ चा हप्त्यांचा तक्ता वर्गात नेते. मुलं एकेक ओळ भरतात. चौदाव्या-पंधराव्या हप्त्याला कुणीतरी पेन खाली ठेवून म्हणतं, “मॅडम, हे पैसे तर तुम्ही परत केले होते ना?” ते वाक्य आलं की पुढचं मला शिकवावं लागत नाही.

आणि गावाकडचं व्याज तर टक्क्यांत बोललंच जात नाही. ‘शेकडा पाच’ असं म्हणतात. मुलं ऐकतात पाच टक्के. ते महिन्याचं असतं, वर्षाचे ६० टक्के. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर वर्षाअखेर १०० चे जवळजवळ १८० होतात. चक्रवाढ व्याजाचं सूत्र ही मुलं आठवीत शिकलेली असतात. तिथं ते गणित होतं. त्याचा आणि चुलत्यानं घेतलेल्या पैशांचा काही संबंध असेल हे कुणी त्यांना दाखवलं नाही.

सावकारी व्याजाची ही गोष्ट जुनी आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. पुढं अहमदनगरपर्यंत ते लोण गेलं. इतिहासाच्या पुस्तकात हा दख्खनचा उठाव म्हणून येतो. मला त्यातली एक गोष्ट कायम जाणवते, की त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. त्यांनी कर्जखतं आणि हिशेबाच्या चोपड्या हिसकावल्या आणि जाळल्या. त्या कागदांवर अंगठा त्यांचाच होता, पण वर काय लिहिलं आहे ते त्यांना वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज माझ्या विद्यार्थ्यांना अक्षरं वाचता येतात. मोबाइलवर कर्जाच्या अटींची वीस पानं येतात आणि खाली ‘मान्य’चं बटण असतं. ते दाबायला तीन सेकंद लागतात. अंगठा तोच.

शेअर बाजाराचं मी थोडक्यात सांगते, कारण ते नवं दुखणं आहे. आपल्या पुस्तकात ‘भाग’ आणि ‘भागधारक’ आहेत. मुलांच्या तोंडी शेअर, ट्रेडिंग, ऑप्शन आहे. बारावीतल्या एका मुलानं मला विचारलं होतं, “मॅडम, भाग म्हणजे शेअर का?” तो तोवर वर्षभर दादाच्या खात्यावरून ऑप्शन खेळत होता. बाजार नियामक सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला होता. या मुलांना मी अमळनेरची हकिकत सांगते. १९४५ मध्ये तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. गावातल्या लोकांनी त्याचे भाग घेतले आणि पुष्कळांनी ते पिढ्यान् पिढ्या विकले नाहीत. ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. भाग म्हणजे मालकीचा तुकडा, लाभांश म्हणजे त्या मालकीचा वाटा, हे अमळनेरच्या गोष्टीतून कळतं. मग सहकारी साखर कारखान्याचे सभासद असलेले आजोबा आणि कंपनीचा भागधारक यांतला फरकही मुलं स्वतःच विचारतात. आजोबांकडे एक भाग असो की शंभर, सहकारात मत एकच.

आता आपल्याकडे मागणं. ते मोठं नाही.

प्रत्येक संज्ञेशेजारी एक खरा कागद छापावा. ठेवीशेजारी पासबुकाचं पान, व्याजाशेजारी हप्त्यांचा तक्ता, उधारीशेजारी वहीचं पान. ढोबळ आणि निव्वळ यांच्याशेजारी उसाचं बिल छापा. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये ठरला. मग टनाला ३,५५० का मिळत नाहीत, तोडणी-वाहतूक कशी वजा होते, आणि कायद्यानं १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत म्हणजे कधीपासून, हे उसाच्या पट्ट्यातलं पोरगं त्या एका बिलावरून शिकेल. कोकणात आंब्याच्या पेटीची पट्टी घ्या, नाशकात कांद्याची. बाजारातला शब्द पुस्तकातल्या शब्दाशेजारी बसवा, भागाशेजारी शेअर, ऋणकोशेजारी ‘आपलं येणं ज्याच्याकडे आहे तो’. मराठी संज्ञा काढून टाका असं मी म्हणत नाही. तेरीज, खतावणी, रोजकीर्द हे शब्द मला जिवापाड आवडतात, पिढ्यान् पिढ्यांच्या पेढ्यांवर ते घासून गुळगुळीत झालेत. पण मुलाला आधी वही दिसू द्या, नाव मागून येऊ द्या.

दुसरं, हे सगळं वाणिज्य शाखेपुरतं ठेवू नये. कर्ज काय फक्त वाणिज्यचीच मुलं घेतात? माझ्या गावातली बहुतेक मुलं दहावीनंतर आयटीआयला जातात, शेतीत राहतात, किंवा मुलींची लग्नं होतात. नववीला आठवड्यातून एक तास मिळाला तरी ती मुलं पासबुक, हप्त्याचा तक्ता आणि विम्याची पावती वाचायला शिकून बाहेर पडतील. परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा की ज्यात व्याख्या विचारलेली नसेल, एक कागद दिलेला असेल आणि विचारलेलं असेल, यात कोण कुणाचं किती देणं लागतं?

शिक्षकांना हे जमेल का, अशी शंका आपल्याकडे निघेल. जमेल. आमच्यापैकी कित्येक जणांच्या घरी माझ्यासारखाच एखादा तक्ता कपाटात पडलेला आहे.

पुस्तकाचं काम सुरू करण्याआधी आपल्यापैकी दोघं-तिघं आमच्याकडे या, ही विनंती. गुरुवारी या, गावचा बाजार असतो आणि शेवटचा तास माझा आहे. त्या तासाला मुलं घरचे कागद घेऊन येतात. गेल्या आठवड्यात त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं आईच्या बचत गटाची कर्जाची वही आणली होती. अकरा बायकांची नावं, समोर रकमा, आणि व्याजाच्या रकान्याशेजारी तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कशावर?’

आपली,
पुस्तपालनाची एक शिक्षिका
सांगली जिल्हा